शिकाऊ उमेदवाराची चूक कोणाची?



विमान आकाशात कसे तरंगते याचे थोडेफार ज्ञान शालेय पुस्तकांतून बहुतेकांना झालेले असते. ते उतरू लागले म्हणजे त्याची चाके पोटातून बाहेर कशी येतात, साठ टनांचे धूड धावपट्टीला टेकल्यावर थांबते कसे, वळताना पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या फळ्या कोण हलवतो, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मोठ्या विमानांत ही कामे बव्हंशी तेलाच्या दाबावर चालतात. त्या व्यवस्थेला हायड्रॉलिक्स असे नाव आहे. तिची देखभाल करणारा कामगार प्रवाशांच्या नजरेस पडत नाही. आणि त्या कामगाराच्या हाताखाली शिकणारा उमेदवार तर कायद्याच्याही नजरेस धड पडत नाही. आजचे विवेचन मुख्यतः या दुसऱ्या माणसासंबंधी आहे.

गिरणी, गोदी, रेल्वे, साखर कारखाना हे परिचयाचे विषय सोडून कार्यकर्त्यांपुढे विमानाचे तेल कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो गैर नाही. त्याचे एक उत्तर असे की, हा धंदा महाराष्ट्राला परका नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. या देशातील विमान उद्योगाचा आरंभ तो. पुढे तो सरकारी मालकीचा झाला. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे सार्वजनिक क्षेत्रातील मिगचा कारखाना निघाला. तेथे बांधले जाणारे मिग-२१ हे विमान २०२५ च्या सप्टेंबरात वायुदलातून निवृत्त झाले, कारखाना चालू आहे. मुंबईच्या विमानतळावरील हँगरांत मराठी कामगारांच्या पिढ्या गेल्या, आणि नागपूरला मिहानमध्ये २०१५ मध्ये प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र सुरू झाले. जिल्ह्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलेला शेतकऱ्याचा किंवा एस. टी. कामगाराचा मुलगा, आणि अलीकडे मुलगीही, या ठिकाणी उमेदवारीसाठी जाते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, पण ते कळण्यासाठी हा मुलगा तेथे काय शिकतो हे आधी पाहिले पाहिजे.

पहिला धडा तेलाचा नसतोच. तो मोजण्याचा असतो. हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती काढलेली असते आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेले असते. पाळी संपताना एकही आकृती रिकामी दिसता कामा नये. दिसली तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान हलत नाही. कारण ते चाकांच्या खोलीत किंवा नियंत्रणाच्या तारांत पडले असेल, तर हवेत काय होईल ते सांगता येत नाही. आयटीआयच्या कर्मशाळेत पाना हरवला तर दंड भरावा लागतो आणि विषय संपतो. येथे हरवलेल्या पान्याची किंमत शंभर रुपये असो वा हजार, तिला महत्त्व नसते; तो हरवल्याचे ताबडतोब सांगितले की नाही, एवढेच पाहिले जाते. खेड्यातून आलेल्या मुलाला हा फरक अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. हरवले तर लपवावे, दुसऱ्याचे आणून ठेवावे, हे शहाणपण तो घरून, शाळेतून आणि पहिल्या गॅरेजातून शिकून आलेला असतो.

मग पास्कलचा नियम येतो. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे वाक्य त्याने आधीच पाठ केलेले असते. त्याचा अर्थ त्याला येथे कळतो. बहुतेक प्रवासी विमानांत या तेलाचा दाब दर चौरस इंचास तीन हजार पौंड असतो. आपल्या मापात सांगायचे तर नखाएवढ्या, म्हणजे एका चौरस सेंटिमीटर जागेवर दोनशे दहा किलो, ज्वारीच्या दोन भरल्या पोत्यांहून अधिक वजन. काही नव्या मोठ्या विमानांत तो पाच हजार पौंडांपर्यंत नेला आहे. दाब वाढवला की त्याच ताकदीसाठी दट्ट्या लहान पुरतो, नळी बारीक पुरते, विमानाचे वजन कमी होते, इंधन वाचते. हा हिशेब कंपनीच्या फायद्याचा आहे आणि तो खोटाही नाही. त्या बारीक नळीजवळ हात घालणाऱ्याच्या चुकीला वाव मात्र तेवढा कमी राहतो.

तेल एकाच जातीचे नसते. बऱ्याच लढाऊ आणि लहान विमानांत तांबडे खनिज तेल असते. मोठ्या प्रवासी विमानांत जांभळ्या रंगाचे, सहसा पेट न घेणारे रासायनिक द्रव असते. दुसरे डोळ्यांत गेले तर असह्य आग होते, कातडीला लागले तर चुरचुरते, रंगावर सांडले तर रंग उकलतो. एका तेलासाठी केलेले रबरी कडे दुसऱ्या तेलात फुगते, मऊ पडते, आणि गळू लागते. दोन्ही कडी काळी, दोन्ही गोल, दोन्ही हातात सारखीच लागणारी. ओळखायची ती पाकिटावरच्या क्रमांकावरून आणि तारखेवरून. पाकीट फाडून कडे खिशात टाकणारा फिटर, तो कितीही कुशल असो, येथे निरुपयोगी ठरतो. हाताच्या कौशल्याला वाचनाची जोड लागते असा हा धंदा आहे. देखभालीचे ग्रंथ जगभर एकाच क्रमाने लिहिलेले असतात: एकोणतिसावा अध्याय हायड्रॉलिक शक्तीचा, बत्तिसावा चाकांचा. ग्रंथ इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची खरी झुंज पान्याशी होत नाही, ती या पानांशी होते; आणि त्याला ते वाचायला शिकवणे हा कोणाच्याच कामाचा भाग धरलेला नसतो. याविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे.

गळती शोधण्याची पद्धत सांगण्यासारखी आहे. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तर त्यातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही. बोट फिरवून ती शोधण्याचा मोह कोणालाही होतो. त्या दाबाने तेल कातडी भेदून आत शिरते. वर एक ठिपका उमटतो, पहिले काही तास फारसे दुखतही नाही. नंतर बोट सुजते, काळे पडते, आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर कापावे लागते. म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून तपासायचे, आणि ठिपका दिसला तर दुखो न दुखो, तडक डॉक्टर गाठायचा. पुन्हा तोच धडा: दुखत नसताना सांगायचे. पंप बंद केला म्हणजे दाब गेला असेही नाही. अक्युम्युलेटर नावाच्या टाकीत नायट्रोजन वायू तेलाला दाबून ठेवलेला असतो; इंजिने थांबून गेली तरी तो ब्रेक दाबू शकतो. तो दाब आधी सोडून, दर्शक शून्यावर आलेला स्वतः पाहून मगच नळी उघडायची.

चाकांच्या खोलीत काम करताना चाकांना लाल पट्टी लावलेल्या सुरक्षा-खिळा ठोकलेल्या आहेत, दारांची कुलुपे लावली आहेत, आणि कोणीही विमानात बसून दाब सुरू करणार नाही, याची खातरजमा केल्याखेरीज आत डोके घालायचे नाही. हा नियम पुस्तकात आहे. २०१९ च्या जुलै महिन्यात कोलकात्याच्या विमानतळावर, रात्रपाळीत, एका प्रवासी विमानाच्या चाकांची दारे तेलाच्या दाबाने अकस्मात मिटली आणि खाली काम करणारा एक तरुण तंत्रज्ञ त्यांत सापडून मरण पावला. दारे मोडून त्याला बाहेर काढावे लागले. वृत्तपत्रांत ही बातमी दोन दिवस टिकली.

यानंतर बारीक कामाचे महिने सुरू होतात. गाळणी काढून तिच्यात अडकलेले कण पाहायचे: पितळी चमक असेल तर पंप झिजतो आहे, काळी भुकटी असेल तर एखादे कडे कुरतडले जाते आहे. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन. नियंत्रण-झडपांतील फट त्याच्या दशांशाहूनही कमी. उघड्या नळीचे तोंड क्षणभरही टोपी न घालता ठेवायचे नाही. नट घट्ट करायचा तो मनगटाच्या अंदाजाने नव्हे, मोजमापाच्या पान्याने. मग त्याला तार पिळून बांधायची, ती अशी की नट सैल होऊ पाहील तर तार ताणून त्याला पुन्हा आवळील. पहिल्या महिन्यात या तारेने बोटांतून रक्त येते आणि दहापैकी सात गाठी उस्ताद कापून टाकतो. तेलात राहिलेली हवा काढायची. विमान जॅकवर उचलून चाके पुन्हा पुन्हा आत-बाहेर करायची. आणि गळतीचे थेंब मोजायचे. होय, थेंब मोजायचे: सरकणाऱ्या दट्ट्याच्या कड्यातून मिनिटाला किती थेंब चालतील याची मर्यादा ग्रंथात दिलेली असते. घड्याळ हातात धरून हा मुलगा थेंबाखाली उभा राहतो. चारची मर्यादा असेल आणि पाच पडले, तर विमान जात नाही.

जात नाही असे म्हणणे सोपे आहे. रात्रीचे तीन वाजले आहेत अशी कल्पना करावी. एका दट्ट्याचे कडे बदलण्याचे काम चालू आहे. विमान सहाला निघायचे आहे. कडे आत सरकवताना आट्याच्या धारेला घासले, असे त्या उमेदवाराला वाटले. वाटले एवढेच, तेल माखलेले कडे, हातात विजेरी, झोपेने जड झालेले डोळे. दाब दिला, थेंब मोजले, मर्यादेत आहेत. वरचा तंत्रज्ञ पुढच्या कामाला गेला आहे. स्वाक्षरी करणारा परवानाधारक अभियंता एकाच वेळी दोन विमाने पाहतो आहे. आता हा मुलगा बोलला, तर सगळे पुन्हा उघडावे लागेल. तेल काढा, नवे कडे आणा, पुन्हा भरा, हवा काढा, चाके फिरवा. सहाचे विमान आठला जाईल. बोलला नाही, तर बहुधा काहीच होणार नाही. कुरतडलेले कडेही शंभर फेऱ्या टिकू शकते.

अर्थशास्त्रात या पेचाला जुने नाव आहे. बोलण्याची किंमत सर्वस्वी त्या मुलाच्या पदरात पडते: शिवी, उशीर, 'हा कामाचा नाही' असा शेरा, वर्ष संपल्यावर बंद झालेले दार. गप्प बसण्याची किंमत अनोळखी माणसांत वाटली जाते, आणि तीही कदाचित कधी द्यावीच लागणार नाही. ज्या व्यवहारात लाभ एकाचा आणि हानी तिऱ्हाइताची, तेथे बाजाराचा हिशेब नेहमी चुकतो. गिरणीच्या धुराबाबत हे अर्थशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी मान्य केले. शिकाऊ माणसाच्या मौनाबाबत ते अद्याप कोणी मांडलेले दिसत नाही.

या ठिकाणी ॲडम स्मिथचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने उमेदवारीच्या प्रथेवर कठोर टीका केली. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. स्मिथचे म्हणणे असे की, घड्याळ बनवण्यासारखी कलासुद्धा समजावून द्यायला काही आठवडे पुरेत. लांबलचक उमेदवारी म्हणजे उस्तादांनी फुकट श्रम मिळवण्यासाठी आणि धंद्यात नवे हात येऊ न देण्यासाठी रचलेला डाव आहे. यातले पुष्कळसे खरे होते, आणि ज्या समाजवाद्यांना स्मिथ म्हणजे केवळ मालकांचा भाट वाटतो त्यांनी हे प्रकरण आवर्जून वाचावे. हाताची सफाई सरावाखेरीज येत नाही, हेही तो मान्य करतो. पण पुढे तो एक उपाय सुचवतो. शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कारागीर माना, त्याने जेवढे काम केले तेवढ्याचे पैसे द्या, आणि अडाणीपणामुळे तो जो माल नासवील त्याची भरपाई त्याच्याकडून घ्या. म्हणजे तो मन लावून शिकेल.

टाचणीच्या कारखान्यात हा उपाय चालेल. वाकडी टाचणी सर्वांना दिसते. आत बसवलेले कुरतडलेले कडे फक्त बसवणाऱ्याला ठाऊक असते. नासाडीची भरपाई त्याच्याकडून घ्यायची ठरली, तर तो अधिक काळजीने काम करील हे खरे; पण त्याहून अधिक काळजीने तो ते लपवील. जेथे दोष झाकता येतो तेथे शिक्षेची भीती दोष कमी करीत नाही, दोषाची बातमी कमी करते. स्मिथला हायड्रॉलिक्स ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याचे आजचे अनुयायी मात्र विमानाने प्रवास करतात.

आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. यंत्रात भांडवल घातले तर यंत्र मालकाचे राहते. माणसाला शिकवण्यात घातले तर ते कौशल्य त्या माणसाचे होते आणि तो उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून मालक शिक्षणावर खर्च करायला नाखूश असतो. आपल्याकडे या नाखुशीतून दोन वाटा निघाल्या आहेत. एक, शिक्षणाचा खर्च मुलाच्या बापावर टाकणे: विमान देखभालीच्या खाजगी संस्थांची फी लाखांत जाते आणि जमिनीचा तुकडा विकून ती भरणारी घरे आहेत. दुसरी, शिकाऊ म्हणून ठेवून पूर्ण कामगाराचे काम करून घेणे. दोन्ही वाटांनी आलेला मुलगा त्या रात्री तीन वाजता मोकळेपणी बोलण्याच्या स्थितीत नसतो. एकाच्या डोक्यावर कर्ज असते, दुसऱ्याच्या पायाखाली नोकरीच नसते.

बोलावेसे वाटणे आणि बोललेले मानले जाणे यांत अंतर असते. ते केवळ शिकाऊ मुलांच्याच वाट्याला येते असेही नाही. २००१ च्या ऑगस्टात कॅनडातील एअर ट्रान्सॅट कंपनीच्या एका एअरबस विमानाचे इंजिन बदलायचे होते. बदली आणलेले इंजिन जुन्या घडणीचे होते. त्यावर बसवायचा हायड्रॉलिक पंप नव्या घडणीचा. बसवताना इंधनाची नळी आणि हायड्रॉलिकची नळी एकमेकींच्या आड येतात हे तेथल्या अनुभवी प्रमुख तंत्रज्ञाच्या लक्षात आले. त्याने उत्पादकाचे मूळ परिपत्रक संगणकावर पाहण्याचा प्रयत्न केला; संगणकाच्या बिघाडामुळे ते उघडले नाही. काम वेळेत उरकायचे होते. फोनवर विचारणा झाली, इंधनाची नळी बदलून बसवली गेली, हायड्रॉलिकची तशीच राहिली. दोहोंत फट दिसत होती. काही दिवसांनी, २४ ऑगस्टला, टोरोंटोहून लिस्बनला जाताना अटलांटिक महासागरावर घासून घासून इंधनाची नळी फुटली, सारे इंधन वाहून गेले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. तीनशे सहा माणसांचे ते विमान सुमारे एकोणीस मिनिटे इंजिनाविना तरंगत अझोर्स बेटांवर उतरवण्यात आले. कोणी मेले नाही हे वैमानिकांचे कौशल्य आणि दैवाचा भाग. कॅनडा सरकारने कंपनीला अडीच लाख डॉलर दंड केला. शंका ज्याला यायला हवी होती त्याला ती आली होती. तिला थांबण्याइतका वेळ कोणी दिला नाही.

अशा शंका पुढे याव्यात म्हणून भांडवलशाहीच्या माहेरघरी काय केले गेले, तेही पाहण्यासारखे आहे. १९७४ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळले. तसाच गैरसमज आधी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांचाही झाला होता, पण ती माहिती त्या कंपनीबाहेर गेली नव्हती, असे चौकशीत निघाले. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत एक यंत्रणा उभारण्यात आली. वैमानिकाने, नियंत्रकाने, आणि मेकॅनिकनेही आपली चूक तेथे लिहून पाठवावी. नाव उघड होणार नाही. अनवधानाने झालेल्या चुकीची स्वेच्छेने माहिती देणाऱ्याला दंडापासून संरक्षण मिळेल. ही पत्रे दंड करणाऱ्या खात्याकडे जात नाहीत, मालकाकडेही जात नाहीत. ती नासा या तिसऱ्याच सरकारी संस्थेकडे जातात. स्पर्धेने आणि दंडाने जी माहिती निघाली नाही ती मिळवण्यासाठी बाजाराबाहेरची सार्वजनिक संस्था काढावी लागली. आपल्या देशातही स्वेच्छेने माहिती देण्याची तरतूद आहे. पण असा कागद लिहिण्यासाठी उद्याही आपण येथे असणार ही खात्री लागते.

ती खात्री शिकाऊ उमेदवाराला कायदा देतो काय? १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या अठराव्या कलमानुसार तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. बाविसाव्या कलमानुसार मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, इतर गोष्टी समान असतील तर थेट भरतीत अशा प्रशिक्षितांना अग्रक्रम द्यावा, असे सांगितले. त्याने थोडासा आधार मिळाला. अपघाताची भरपाई, कारखान्यातील आरोग्य व सुरक्षिततेचे नियम त्याला लागू आहेत, तेव्हा कायद्याने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. २०१४ च्या दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्या मालकाची कैदेची शिक्षा काढून टाकली, दंड तेवढा ठेवला. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतन शिक्षणानुसार महिना पाच ते नऊ हजार रुपये ठरवले आणि आस्थापनेतील मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ ठेवावेत असे म्हटले. पूर्वी वरची मर्यादा दहा टक्के होती. म्हणजे शंभर माणसांच्या हँगरात पंधरा माणसे अशी असू शकतात, ज्यांना उद्याची शाश्वती नाही.

याहून बोलकी गोष्ट एका कंसात दडलेली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची व्याख्या करताना कंसात 'शिकाऊ उमेदवार धरून' अशा अर्थाचे शब्द होते. १९६१ च्या कायद्याने त्यातून आपल्या उमेदवारांना बाहेर काढले, तरी मूळ व्याख्या तशीच उभी होती आणि त्या कायद्याखाली न येणारे शिकाऊ तिच्या छत्राखाली येत. २०२० मध्ये संसदेने संमत केलेली औद्योगिक संबंध संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अंमलात आली. तिच्या व्याख्येतही कंस आहे. त्यात आता १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवार 'वगळून' असे आहे. त्र्याहत्तर वर्षांत 'धरून'चे 'वगळून' झाले. संहितांविरुद्ध जी आंदोलने झाली त्यांत संपाची नोटीस, कामगार-कपातीची मर्यादा, मुदतीची नोकरी यांवर योग्यच भर होता. या कंसाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण शिकाऊ उमेदवार संघटनेचा सभासद नसतो आणि वर्गणीही देत नाही.

येथे संघटनांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. जुन्या कायम कामगाराच्या मनात शिकाऊ मुलाविषयी धास्ती असते. आज हाताखाली आलेला उद्या कमी पैशांत आपली जागा घेईल असे त्याला वाटते, आणि ते निराधार नाही. मग तो शिकवताना हात आखडता घेतो. पंपाचा आवाज किंचित बदलला म्हणजे तेलात हवा आहे हे कानाने ओळखण्याची विद्या कोणत्याही अध्यायात नसते. ती उस्तादाने सांगितली तरच मिळते. असुरक्षित माणूस विद्या देत नाही आणि असुरक्षित माणूस शंका बोलत नाही. त्या दोघांना समोरासमोर उभे करून मालक पाच-सात हजार रुपये वाचवतो. सरकारने २०२० मध्ये विमान दुरुस्तीच्या धंद्यावरील जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचावर आणला. हा धंदा परदेशातून देशात यावा हा हेतू चांगलाच आहे. ती सवलत देताना प्रत्येक शिकाऊमागे शिकवणारा किती वेळ मोकळा ठेवाल, अशी अट घालणे अशक्य नव्हते.

जी हँगरे चांगली चालतात तेथली एक रीत येथे सांगितली पाहिजे. एखादा मुलगा पहिल्यांदा येऊन "उस्ताद, माझ्या हातून कडे घासले असावे" असे म्हणतो, तेव्हा जाणता उस्ताद त्याला काही विचारीत नाही, रागावत नाही, शाबासकीही देत नाही. तो पाना उचलतो आणि सांधा उघडतो. बाकीची मुले ते पाहत असतात. कडे शाबूत निघाले तरी तो तेच नवे बसवतो, आणि विमान उशिरा सुटल्याची नोंद आपल्या नावावर घेतो. हे त्याला जमते, कारण त्याची नोकरी कायम आहे आणि त्याच्यामागे संघटना आहे. त्याची जागा भरताना कंत्राटी माणूस आला, तर ही नोंद कोण आपल्या नावावर घेईल?

ओझर, मुंबई आणि नागपूर येथील कार्यकर्त्यांना या प्रश्नाची चौकशी आजही सुरू करता येईल. प्रत्येक आस्थापनेत शिकाऊ किती, रात्रपाळीत किती, त्यांच्यामागे परवानाधारक अभियंते किती, आणि गेल्या पाच वर्षांत मुदत संपलेल्यांपैकी कितींना तेथेच काम मिळाले, ही माहिती मागता येते. सार्वजनिक उपक्रमांत ती माहितीच्या अधिकाराखालीही मिळेल. पुढच्या वेतनकराराच्या मसुद्यात एक कलम घालता येईल, की शंका बोलून दाखवल्यामुळे झालेला उशीर कोणाही शिकाऊच्या शेऱ्यात धरला जाणार नाही. आणि त्या मुलांशी प्रत्यक्ष बोलताना विद्यावेतनापासून आरंभ करण्याऐवजी आधी एवढेच विचारावे, की रात्री तीन वाजता कड्याविषयी शंका आली, तर ते कोणाला हाक मारतात.